पाणी कोण शेंदत होतं?



आमच्या गटातल्या एका ताईंची म्हैस विहिरीजवळ घसरून मेली. विम्याच्या अर्जात घटना इंग्रजीत लिहायची होती. बीए झालेली मीच, म्हणून पेन माझ्या हातात आलं. ताई म्हणाल्या, "पाणी शेंदताना म्हैस घसरली." मी लिहिलं, 'ड्रॉइंग वॉटर फ्रॉम द वेल, माय बफेलो स्लिप्ड.' काही दिवसांनी अर्ज परत आला. त्या ओळीखाली लाल रेघ आणि प्रश्न: म्हैस पाणी ओढायला जुंपली होती का?

मला आधी हसू आलं. ताई हसल्या नाहीत. दुधाचे पैसे बंद झाले होते, म्हशीच्या कर्जाचा हप्ता चालूच होता.

चूक माझी होती. मराठीत 'शेंदताना' म्हटलं की कोण शेंदतंय ते ऐकणारी ओळखते. म्हैस काही पोहरा धरत नाही! इंग्रजीत तशी सूट नाही. क्रियापदाला 'इंग' लावून ते सुरुवातीला ठेवलं, की स्वल्पविरामानंतर ज्याचं नाव येईल त्याच्याच माथी ते काम बसतं. मी तिथे म्हशीला बसवलं होतं.

एरवी ही रचना आपल्यासाठीच केल्यासारखी आहे. आपण एका वेळी एकच काम करतो कधी? 'सिंगिंग सॉफ्टली, शी ग्राउंड द ग्रेन.' हळू आवाजात गात गात तिनं दळण दळलं. गाणारी तीच, दळणारीही तीच, म्हणून वाक्य बरोबर. हा तुकडा शेवटीही चालतो: 'शी सॅट बाय द फायर, फीडिंग द बेबी.' बाळाला भरवत ती चुलीपाशी बसली. 'दार लावून ती निघाली' याची गोष्ट वेगळी. तिथे एक काम संपल्यावर दुसरं, म्हणून 'हॅविंग' बरं: 'हॅविंग लॉक्ड द डोअर, शी लेफ्ट.'

आणि कामं दोघांची असली, तर दोघांचीही नावं घ्यायची. मी ओळ बदलली: 'व्हाइल आय वॉज ड्रॉइंग वॉटर, माय बफेलो स्लिप्ड.' अर्ज ताईंचा, म्हणून 'आय' म्हणजे ताई. या वेळी अर्ज परत आला नाही.

आता एक वाक्य तुम्हाला देते. 'वॉकिंग टू द मार्केट, माय स्लिपर ब्रोक.' बाजाराला कोण चाललंय? शाळेत जाणाऱ्या लेकीला सोबत घेऊन दुरुस्त करा आणि बैठकीला घेऊन या.