मोटारीची अश्वपरीक्षा

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत झांशीस जाऊन राहिले होते. राणी लक्ष्मीबाईंच्या अश्वपरीक्षेची कीर्ती मराठी वाचकांस त्यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथामुळे ठाऊक आहे. एका सौदागराने दिसावयास सारखेच दोन घोडे आणले. बाईसाहेबांनी दोघांवर बसून फेर धरला, एकाची किंमत हजार रुपये ठरविली आणि दुसऱ्याची पन्नास. दुसरा छातीत दुखावलेला होता, अशी आठवण सांगितली जाते. दुखणे आत होते. ते बाहेरून दिसत नव्हते.

आज त्याच झांशीत श्रीनगर–कन्याकुमारी आणि पोरबंदर–सिल्चर हे दोन महामार्ग एकमेकांस भेटतात. त्यांवरून धावणाऱ्या कित्येक मोटारींना आता क्लचचे पायटे नसते. त्या आपले गिअर आपणच बदलतात. त्यांचेही दुखणे असेच आतले असते, आणि त्याची पहिली खूण गिअरपेटीतले तेल देते.

हे तेल केवळ वंगण नव्हे. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी योजलेले तत्त्व येथे कामास येते: इंजिन एक पंखा फिरविते आणि त्याने उसळलेले तेल समोरचा दुसरा पंखा फिरविते. तेच तेल दाबाने आतले क्लच आवळते आणि घर्षणाची उष्णता वाहून नेते. तेल उणे झाले की दाब पडतो, क्लच घसरतात, इंजिन गरजते, पण गाडी पुढे सरकत नाही. ४५ अंशांच्या उन्हात, भरल्या गाडीने, भर रस्त्यात असे झाले तर काय प्रसंग ओढवेल, हे सांगावयास नको.

म्हणून प्रथम गाडीचे माहितीपुस्तक उघडावे. भारतात २०१४च्या सेलेरिओपासून रुळलेली एएमटी ही मुळात साधीच गिअरपेटी, फक्त यंत्राच्या हाताने चालणारी. तिचे तेल वेगळे. सीव्हीटीचे त्याहून वेगळे. तांबडा रंग पाहून हाती येईल ते तेल ओतणे म्हणजे बाटलीचा रंग पाहून औषध पिण्यासारखे होय.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, तेल सांगितलेल्या तापमानास येऊ द्यावे. ब्रेक दाबून दांडा प्रत्येक स्थानी क्षणभर थांबवीत फिरवावा आणि 'पी'वर आणावा. पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून डिपस्टिक पाहतात, काहींत बंद करून. येथे पुस्तकाचाच शब्द अखेरचा. डिपस्टिक नसेल तेथे पातळी खालच्या बुचातून पाहावी लागते. करपट वास घर्षणाची खूण देतो, दुधाळ रंग पाणी मिसळल्याची.

तेल बदलताना गाडी नुसत्या जॅकवर उचलून कोणीही खाली शिरू नये. चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. कढत तेल हात भाजते, तेव्हा ते कोमट होईतो थांबावे. भरण्याचे बूच आधी सैल करून पाहावे. ते अडकले आणि खालून तेल मात्र निघून गेले, तर गाडी जागच्या जागी खिळते. निघालेले तेल मोजून घ्यावे आणि गाडी थंड असताना तितकेच नवे भरावे. पंख्यांच्या पेटीत बरेच तेल मागे राहते, म्हणून पुस्तकातला पूर्ण आकडा एकदम ओतू नये. जास्त तेलाचा फेस होतो आणि फेसाने दाब टिकत नाही. चुंबकावर बारीक करडी भुकटी आढळली तर घाबरू नये. धातूचे तुकडे आढळले तर मात्र गाडी जाणत्या मिस्त्रीच्या हवाली करावी. अखेरीस पातळी पुन्हा पाहावी.

जुने तेल गटारात जाऊ देऊ नये, नाहीतर ते पावसाबरोबर पहूजेच्या पात्रात उतरते. डब्यात भरून ते वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

त्या सौदागराचा घोडा चकचकीत होता, पण परीक्षकाने चकाकी पाहिली नाही. मोटारधारकानेही रंगावर हात फिरविण्यापूर्वी एकदा तेल पाहावे.