शाब्दिक उदाहरण आणि घरचीं माणसें



सत्तावीस आणि अठरा मिळून किती, असें विचारलें तर मूल झटकन पंचेचाळीस म्हणून सांगतें. तेंच गणित चार वाक्यांत घालून पुढें ठेवलें कीं तेंच मूल पेन्सिल चावीत बसतें. अशा वेळीं घरांतील वडील माणूस कागदावर नजर टाकतो आणि म्हणतो, "अरे, बेरीज कर!" उत्तर येतें, वही मिटते, मात्र विचार करण्याचें जें काम मुलाचें, तें वडिलांनींच उरकलेलें असतें.

मग मुलें शब्दांवर टपून बसतात. 'एकूण' दिसलें कीं बेरीज, 'उरले' दिसलें कीं वजाबाकी! आतां हें उदाहरण पाहा : 'गोपाळजवळ १२ गोट्या आहेत. यमूपेक्षां त्याच्याजवळ ५ गोट्या जास्त आहेत. तर यमूजवळ किती?' 'जास्त' हा शब्द वाचून पुष्कळ मुलें १७ लिहितात. येथें रागावूं नये, आणि वजाबाकीचें नांवही काढूं नये. 'जास्त कोणाजवळ?' एवढेंच विचारावें. गोट्या नसतील तर चिंचोके घेऊन दोन ओळी मांडूं द्याव्या. गोपाळची ओळ लांब, यमूची आंखूड, हें डोळ्यांना दिसलें म्हणजे १७ चा आंकडा मूल आपल्या हातानें खोडतें.

फ्रान्समध्यें ग्रेनोब्ल येथें १९७९-८० च्या सुमारास प्राथमिक शाळेंतील मुलांना एक प्रश्न घातला होता : 'जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचें वय किती?' ९७ मुलांपैकीं ७६ जणांनीं त्याच आंकड्यांची कांहीं तरी जुळणी करून वय काढलें! यांत मुलांच्या बुद्धीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. दिलेला प्रत्येक आंकडा वापरावयाचा आणि उत्तर हें असतेंच, अशी संवय आपणच त्यांना लावलेली असते.

उत्तर आल्यावर तें पुन्हा गोष्टींत नेऊन ठेवण्याची संवयही हवी. ३० मुलें सहलीस निघालीं आणि एका मोटारींत ४ बसतात, तर भागाकार साडेसात सांगतो; पण अर्धी मोटार आणावयाची कोठून? गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनीं १९४५ सालच्या आपल्या पुस्तकांत उत्तराकडे मागें वळून पाहणें ही स्वतंत्र पायरीच मानली आहे.

शेवटीं मुलालाच एखादें उदाहरण रचावयास सांगावें. बाजाराची पिशवी समोर असली म्हणजे तें सहज जमतें. सोडविण्याची पाळी मात्र मग आपली. आणि 'कांद्यांचा भाव सांगितलाच नाहींस' हें ओळखण्याचीही!