दिवाळीला गावी निघालात? माशांना उपाशी ठेवा

आजचा विषय अगदी घरगुती आहे: फिश टँक आणि सुट्टी. ज्यांच्याकडे टँक नाही त्यांनीही ऐका, कारण किल्ली शेवटी तुमच्याकडेच येणार आहे.

आमच्या पुनावळ्यातली परिस्थिती आधी सांगतो. इथे सोसायट्याच्या सोसायट्या हिंजवडी, तळवडे, चाकणला नोकरी करणाऱ्यांनी भरल्यात. कोणी लातूरचं, कोणी जळगावचं, कोणी कोल्हापूरचं. गणपतीला कोकणवाले गायब होतात, दिवाळीला बाकीचे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या विंगेत मोजून चार-पाच खिडक्यांत उजेड असतो. म्हणजे माशांना खायला घालायला शेजारी शोधायचे आणि शेजारी तर शिवाजीनगरहून एसटीत बसलेले. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतात, 'कोणी आहे का इथे दिवाळीत? फिशना फूड टाकायचं होतं.'

माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकीचा विचारतोय आपण. खायला कोण घालणार, हा मुद्दा नाही. टँक जुना असेल, नीट सेट झालेला असेल, तर मोठे झालेले गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल, गोल्डफिश हे सगळे पाच-सात दिवस काहीही न खाता आरामात राहतात. माशाचं शरीर आपल्यासारखं गरम ठेवावं लागत नाही, त्यामुळे त्याला इंधन कमी लागतं. शिवाय काचेवरचं शेवाळ, झाडांवरचं बारीकसारीक, असं काहीबाही ते चघळत असतात. पिल्लं असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना रोज लागतंच. बाकीच्यांना नाही.

पण हे आपल्याकडे पचत नाही. घरात कोणी उपाशी आहे म्हटल्यावर आपल्या घशाखाली घास उतरत नाही. शेजारच्या काकूंना तुम्ही कितीही सांगा, 'काकू, एक चिमूट फक्त.' चिमूट कोणाची? काकूंची चिमूट म्हणजे वरणात मीठ टाकतात ती. त्यात मासे वर येऊन तोंड उघडतात. 'बिचारे केवढे भुकेले आहेत गं,' म्हणून अजून एक चिमूट.

इथे नीट लक्ष द्या, आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. उरलेलं खाणं तळाशी सडतं. त्यातून अमोनिया तयार होतो, आणि माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडतो तोही अमोनियाच. फिल्टरच्या स्पंजवर बॅक्टेरिया बसलेले असतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट, जे बरंच कमी घातक असतं. पण हे बॅक्टेरिया रोजच्या लोडपुरतेच असतात. एका दिवसात चौपट खाणं पडलं तर ते चौपट होत नाहीत. वर सडण्याच्या क्रियेत पाण्यातला ऑक्सिजनही संपत जातो. मग मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. श्वासासाठी! आणि बघणाऱ्याला वाटतं, भुकेसाठी. तो अजून खाणं टाकतो. दोन-तीन दिवसांत टँक पांढरट, गढूळ, आणि मासे आडवे. भुकेने एकही मेलेला नसतो, सगळे लाडाने मेलेले असतात.

फरक कसा ओळखायचा? भुकेला मासा माणूस दिसला की काचेजवळ धावत येतो, वळवळतो, थोड्या वेळाने आपल्या कामाला लागतो. गुदमरलेला मासा खोलीत कोणी नसतानाही वरच असतो, एका जागी, तोंड पाण्याच्या कडेला लावून. असं दिसलं तर खाणं बंद. फिल्टर चालू आहे का ते बघा. मगाने टँकमधलंच पाणी घेऊन थोडं उंचावरून परत टँकमध्ये ओतत राहा, दहा-पंधरा मिनिटं. आधीपासून भरून ठेवलेलं पाणी असेल तर पाव टँक बदला. किल्ली घेणाऱ्याला हे एवढं शिकवा. फूडचा अख्खा डबा त्याच्या हातात देऊ नका, कपाटात लपवा. आठ-दहा दिवसांच्या वर जाणार असाल तर आजीच्या औषधांची वारांची डबी मिळते ना मेडिकलमध्ये, तीत दोन-तीन वारांचंच खाणं मोजून ठेवा, बाकीचे खण रिकामे.

ऑटो फीडर? चालतो, पण निघायच्या आधी आठवडाभर घरी असतानाच चालवून बघा. टँकच्या वाफेने आत खाणं गोळा होऊन अडकतं, किंवा एकदम भसकन पडतं. आणि पाण्यात सोडायचे ते पांढरे व्हेकेशन ब्लॉक, ते मी तरी कोणाला सुचवणार नाही. पाणी खराब करण्याचा विकतचा मार्ग आहे तो.

आता खरा धोका, वीज. गावी निघताना आपले वडील काय सांगतात? 'गॅस बंद केलास का? मेन स्विच पाड.' मेन पाडला की फिल्टर बंद, एअर पंप बंद. तेव्हा मेन पाडायचा नाही. टँकचा एमसीबी कोणता ते शोधा, त्यावर टेप लावून 'हा बंद करू नये' असं लिहा, बाकीचे पाडा. टँकच्या वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालीच टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. आपल्याकडे गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार. सोसायटीचा जनरेटर असला तरी फ्लॅटमधल्या ठरावीक पॉइंटलाच बॅकअप असतो, तेव्हा टँक त्या पॉइंटवर आहे का ते तपासा. नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घ्या, लाइट गेली की आपोआप सुरू होणारा.

अमेरिकेत २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या मत्स्यालयाची इमारत बऱ्यापैकी शाबूत राहिली होती. पण शहराची वीज गेली, काही दिवसांत जनरेटरही बंद पडला, आणि हजारो मासे दगावले. पेंग्विन आणि सी ऑटर मात्र वाचले, कारण ते हवेत श्वास घेतात. आपला फायटर मासाही वर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून गुरुवारी तो टिकतो आणि गोल्डफिश लवकर अडचणीत येतो.

मे महिन्यातली सुट्टी दिवाळीपेक्षा जास्त धोक्याची. बंद फ्लॅट तापतो आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवा, पडदे ओढा. पाणी उडून पातळी खाली जाते, फिल्टर हवा ओढायला लागतो, म्हणून निघताना टँक काठोकाठ नाही पण पुरेसा भरा.

आणि शेवटच्या दिवशी मोठी साफसफाई नको. शुक्रवारी संध्याकाळी प्रोडक्शनवर कोड टाकून कोणी ट्रेकला जातं का? तसंच हे. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं, आणि टाकीत पवनेचं, टँकरचं, बोअरचं असं सगळं मिसळलेलं असू शकतं. बोअरचं जड पाणी बऱ्याचदा अल्कलीकडे झुकतं, आणि अशा पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. तेव्हा पाव टँक पाणी तीन-चार दिवस आधी बदला, क्लोरिनचं औषध टाकून. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरिनने बॅक्टेरिया मरतात. नवीन मासे आणायचे तर परत आल्यावर आणा.

वाय-फाय कॅमेरा लावणारे बरेच आहेत आपल्यात. त्याचा माझ्या मते एकच उपयोग: तो ऑफलाइन दिसला की लाइट गेली असणार असं समजायचं आणि किल्लीवाल्याला फोन करायचा. म्हणून किल्ली अशा माणसाला द्या जो फोन उचलतो. आमच्याकडे दोन टँकवाल्या घरांनी ठरवून टाकलंय, एक गणपतीला थांबतो, एक दिवाळीला.

परत आल्यावर बॅग ठेवून आधी मासे मोजा. एखादा मेलेला सापडला तर लगेच काढा. पहिल्या दिवशी खाणं नेहमीच्या निम्मं. ते काचेवर आपटत असतील, तरी निम्मंच.

तुमच्या टँकचे लिटर किती, मासे कोणते आणि किती दिवस जाणार, हे सांगून व्हॉइस नोट पाठवा. दिवाळीच्या आधी एक भाग फक्त तुमच्या प्रश्नांचा करू.