थोसेघरची सहल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करायला मी कधी उभी राहीन असे स्वप्नातही वाटले नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "घरी सांगितलंत तसंच इथे सांगा." तेव्हा घडले तसे सांगते. काही चुकले तर पदरात घ्या.

आमच्या वन्सं तुमच्यापैकी बऱ्याचजणींना ठाऊक आहेत. नर्सिंग शिकून त्या इंग्लंडला गेल्या, त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. तिकडच्या इस्पितळात नोकरी केली, संसार केला, आणि आता पेन्शन घेऊन लेस्टरला असतात. माहेरी त्या पुष्कळदा आल्या, पण दर वेळी डिसेंबरात, कारण नाताळची सुट्टी तेव्हाच. त्यामुळे आपला पाऊस इतक्या वर्षांत त्यांच्या वाट्याला आला नाही. मी एकदा विचारले, "तिकडे पाऊस नाही का हो?" तर म्हणाल्या, "बारा महिने असतो गं. पण नुसता भुरभुरतो, कोसळत नाही."

गेल्या श्रावणात त्या मुद्दाम आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "मला थोसेघरचा धबधबा बघायचाय." सातवीत असताना त्यांच्या शाळेची सहल तिथे गेली होती. मामंजींनी त्यांना पाठवले नव्हते. का, ते सांगितले नाही. मुलीच्या जातीला नको, एवढेच. ती गोष्ट त्यांच्या मनात इतकी वर्षे राहिली होती.

त्यांच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी अजून साताऱ्यातच आहेत. एक निवृत्त शिक्षिका, दुसरी गुडघ्यांनी बेजार, पण हौस दांडगी. अशा त्या तिघी आणि डबे सांभाळायला मी. गल्लीतल्या एका मुलाची भाड्याची गाडी सांगितली. दशम्या, मटकीची उसळ आणि लसणीची चटणी बांधून घेतली, नि सकाळी आठला निघालो.

सातारा ते थोसेघर रस्ता सव्वीस किलोमीटरच्या आसपास. बोरणे घाट चढताना खाली उरमोडी धरणाचे पाणी दिसते. सज्जनगड ढगात बुडाला होता. समर्थांना गाडीतूनच हात जोडले. तिघींच्या गप्पा तर विचारूच नका! साठी उलटलेल्या बायका, पण एकमेकींना शाळेतल्या नावांनी हाका मारीत होत्या.

धबधब्यापाशी पोहोचलो तर समोर नुसते धुके. कठड्याशी उभे राहून घोंघावणारा आवाज तेवढा ऐकला. मग वारा आला, धुके सरकले, आणि कड्यावरून खोल दरीत पडणारे पांढरे पाणी दिसले. वन्सं काही बोलल्या नाहीत. कठडा धरून उभ्या राहिल्या. पुन्हा धुके आले तरी हलल्या नाहीत. शेवटी शिक्षिकाबाईच म्हणाल्या, "चल गं, दशम्या वाट बघताहेत."

आता खरी गोष्ट पुढेच आहे. परत येताना रस्त्याकडेला एका ओढ्याचा लहानसा धबधबा लागला. पाणी घोट्याएवढे, मध्ये बसायला छान सपाट दगड, चार-पाच तरुण मुले फोटो काढीत होती. पाऊस थांबला होता, ऊनही पडले होते. वन्संनी चपला काढल्या. म्हणाल्या, "तिथे लांबून पाहिलं, इथे जरा पाय सोडून बसू या."

रस्त्याकडेला त्याच गावची एक बाई कणसे भाजीत होती. ती मला हळूच म्हणाली, "आक्का, त्यास्नी आत जाऊ देऊ नका. वर सड्यावर काळं झालंय. मघाशी पानी काचेवानी होतं, आता बघा."

मी पाहिले. पाणी तांबूस होऊ लागले होते. काटक्या आणि पाला वाहून येत होता.

भगिनींनो, वन्संना मी लग्न झाल्यापासून कधी उलट शब्द बोललेले नाही. शिकलेल्या, परदेश पाहिलेल्या, मानाने मोठ्या. मी कोण त्यांना सांगणार? पण पाय आपोआप पुढे गेले आणि मी त्यांचा दंड धरला. म्हटले, "वन्सं, नको."

त्या रागावल्या. म्हणाल्या, "तेव्हा बाबा नको म्हणाले, आता तू म्हण!"

हे शब्द मला लागले. पण हात सोडला नाही. म्हटले, "मामंजींनी कारण सांगितलं नव्हतं. मी सांगते. पाण्याचा रंग बघा."

कणसेवाल्या बाईने तोवर मुलांना हाका मारल्या. ती हसत, कुरकुरत का होईना, बाहेर आली. दहा-बारा मिनिटे झाली असतील. आवाज वाढला आणि बघता बघता तो सपाट दगड दिसेनासा झाला. आमच्या डोक्यावर तेव्हाही ऊनच होते.

आपल्या सह्याद्रीचा कातळ पाणी पीत नाही. सड्यावर माती थोडी, त्यामुळे वर सर आली की सारे पाणी ओढ्याने खाली धावते. खाली कोरडे असले म्हणून फसू नये. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे अशीच वाहून गेली. त्यांत मुलेही होती. तीही सहलीलाच आली होती.

गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. मग वन्सं म्हणाल्या, "इस्पितळात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. औषध चुकीचं दिसलं तर थांबवायचं, समोर कितीही मोठा डॉक्टर असो. मी ते जन्मभर केलं. आज तू केलंस." माझ्या डोळ्यांना पाणी आले, खोटे कशाला सांगू?

मला एवढेच सांगायचे आहे. आपण बायका पुष्कळदा ऐकून घेतो, कारण समोरचा मोठा असतो, शिकलेला असतो किंवा पाहुणा असतो. मान द्यावाच. पण पाण्याच्या काठी मान मध्ये आणू नये. पाणी गढूळ झाले, पाला वाहू लागला, आवाज बदलला, की मुलाबाळांना घेऊन तडक वर यावे. सामान राहिले तर राहू द्यावे. आणि त्या गावच्या माणसाचे ऐकावे. त्या कणसेवालीला माझ्याइतकीही शाळा नसेल, पण त्या दिवशी आम्हां सर्वांत शहाणी तीच होती. निघताना वन्सं तिला जास्त पैसे देऊ लागल्या. तिने चार कणसांचे तेवढेच घेतले.

येत्या श्रावणात मंडळाची सहल काढायचे घाटते आहे. वन्संनी लेस्टरहून कळवले आहे, "माझं नाव पहिलं लिहा." आपण जरूर जाऊ. कठड्याशी उभ्या राहून डोळे भरून पाहू, आणि मी "नको" म्हटले तर कुणी रागावू नका.