अश्वशक्ती आणि युनिट

पाणीपुरवठ्याचे वीजबिल ग्रामसभेपुढे आले की वाद ठरलेला. पंपाच्या पाटीवर अश्वशक्ती, बिलात युनिट. आणि ही दोन मापे एका जातीची नव्हेत. अश्वशक्ती हा काम होण्याचा वेग, तर युनिट म्हणजे खर्ची पडलेली ऊर्जा. तासांनी गुणल्याखेरीज एकातून दुसरे निघत नाही. (शिक्षक बांधवांनी हे उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्यावे, १ युनिट म्हणजे ३६ लाख जूल.)

१ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ५ अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने रोज ६ तास चालला, तर ३० दिवसांत ३.७३ गुणिले १८०, म्हणजे सुमारे ६७१ युनिट होतात. येथेच पुष्कळांची फसगत होते. पाटीवरची अश्वशक्ती मोटारीच्या दांड्यावर मिळणारी असते. वीज त्याहून अधिक लागते. कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास आकडा ७९० वर जातो. तेवढ्या बिलावरून पंपचालकावर संशय घेणे अन्यायाचे होईल. बिल १,२०० युनिटच्या घरात गेले, तर मात्र मीटरवाचन आणि नोंदवहीतील तास ताडून पाहावेत. पंप सहाऐवजी नऊ तास चालत असल्यास आधी जलवाहिनीतील गळती शोधावी.