जुन्या मोटारीचे नवे ब्रेक

इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर हें नांव साखरेमुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु ज्या शेठ वालचंद हिराचंद यांचें नांव त्या वसाहतीस मिळालें, त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारी बनविणारी कंपनी स्थापन केली, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या ध्यानांत नसते. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटालियन फियाट ११०० तयार होऊं लागली, आणि तिचाच एक अवतार पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें मध्यम वर्गाच्या घरोघरीं पोहोंचला. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनीनें शेवटचा निरोप घेतला. तथापि बारामती-इंदापूरकडील एखाद्या घराच्या पडवींत वडिलांनीं जपलेली पद्मिनी ताडपत्रीखालीं उभी असावी आणि मुलानें ती पुन्हां रस्त्यावर आणण्याचा ध्यास घ्यावा, यांत नवल नाहीं. इंजिन बोलूं लागतें, रंग चढतो, मग कोणी जाणता मनुष्य विचारतो, “चालेल खरी, पण थांबेल का?”

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हे. ऊसतोडणीच्या हंगामांत बारामतीहून भवानीनगरावरून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यामागें जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रीघ लागते. मागचा दिवा नसलेली ट्रॉली अंधारांत अगदीं जवळ गेल्यावरच दिसते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. संकट डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत हा सेकंद बहुधा निघून जातो. खरें थांबणें त्यापुढें सुरू होतें. शिवाय वेग दुप्पट झाला कीं गाडीच्या अंगची गतिज शक्ति चौपट होते, आणि ती सारी ब्रेकला उष्णतेच्या रूपानें पचवावी लागते.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम-ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आंत अर्धचंद्राकृति दोन शू असतात. पेडल दाबतांच तेलाच्या दाबानें ते फांकतात आणि त्यांवरील लायनर ड्रमला आंतून घासतात. या रचनेंत एक गुण आहे. ड्रमच्या फिरण्याबरोबर ओढला जाणारा शू घर्षणानेंच आणखी घट्ट आवळतो, म्हणून पायाला जोर कमी लागतो. पण दोषहि तेथेंच आहे. उष्णता आंत कोंडते, तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरतो, लायनरची पकड मंदावते आणि पेडल खालीं खालीं जाऊं लागतें. आंत शिरलेलें पाणीहि लवकर सुकत नाहीं. डिस्क-ब्रेकमध्यें लोखंडी चकती उघड्या हवेंत फिरते व कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरतात. उष्णता निघून जाते, पाणी फेंकलें जातें, आणि चकती तापून फुगली तरी ती पॅडांच्या जवळच येते.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडांत लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें. पण तिची योग्यता जगाला पटली ती १९५३ सालीं, जेव्हां डिस्क-ब्रेक लावलेल्या जग्वारनें फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. खुद्द फियाटनें १९६६ सालच्या ११००-आर या मोटारीस पुढच्या चाकांना डिस्क दिली. कुर्ल्याची तिची बहीण मात्र ड्रमवरच चालत राहिली. बारामतीकरांना तर असा बदल आपल्या गांवींच पाहावयास मिळाला आहे. तेथील पियाजिओच्या कारखान्यांत तयार होणारी व्हेस्पा २०१२ सालीं बाजारांत आली, तेव्हां तिच्या पुढच्या चाकाला ड्रम होता. पुढल्याच वर्षीं आलेल्या व्हीएक्स या प्रकारास डिस्क मिळाली.

मग प्रत्येक जुन्या मोटारीला डिस्क लावावी काय? येथें एक गोष्ट स्पष्ट समजली पाहिजे. मोटार शेवटीं थांबते ती टायर व रस्ता यांच्या पकडीनें. नीट राखलेले ड्रम-ब्रेक जर चाकें जखडूं शकत असतील, तर एका दमांत थांबण्याचें अंतर डिस्क लावून फारसें घटत नाहीं. डिस्कचा लाभ दिसतो तो भर पावसांत, किंवा पुनःपुन्हां ब्रेक लावावे लागतात तेव्हां. बारामतीहून जेजुरी-सासवडवरून पुण्यास जातांना दिवे घाट उतरावा लागतो, तसल्या ठिकाणीं. म्हणून पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मूळचे ब्रेक पूर्वस्थितीस आणणें. व्हील सिलिंडरांचीं रबरें, होज व लायनर बदलावे. ड्रम वांकडे झाले असल्यास लेथवर गोल करून घ्यावे, मात्र मर्यादेबाहेर पातळ करूं नयेत. शूंचें अंतर बसवावें. ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषतें व मग तापल्यावर लवकर उकळतें. तें सबंध नवें भरावें. पुष्कळ गाड्यांचें दुखणें एवढ्यानेंच बरें होतें.

एवढ्यावर समाधान न झाल्यास डिस्क पुढच्या दोनच चाकांना लावावी. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो आणि थांबविण्याचें बहुतेक काम पुढचीं चाकें करतात. मागचे ड्रम व त्यांवरचा हातब्रेक तसेच राहिले म्हणजे खर्च निम्म्यावर येतो. डिस्क, कॅलिपर व पॅड मारुती ८०० सारख्या सर्वत्र फिरलेल्या गाडीचे घेतले तर उद्यां पॅड झिजल्यावर शोधाशोध करावी लागत नाहीं. नव्यानें घडवावयाच्या वस्तु दोनच: चकती हबवर बसविणारी कडी आणि कॅलिपर धरणारा ब्रॅकेट. पद्मिनीचें चाक १४ इंची असतें. त्याच्या आंत कॅलिपर न घासतां फिरतो कीं नाहीं, हें खरेदीपूर्वींच मापून पाहावें. चकती बसविल्यावर डायल गेजनें तिचें डगमगणें तपासावें; तें मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून अधिक नसावें. ब्रॅकेट जुन्या ड्रमच्या पाठीमागील पत्र्याच्या मूळच्या भोंकांतच उंच प्रतीच्या बोल्टांनीं कसावा. स्टब ॲक्सलवर वेल्डिंग करूं नये, कारण तापलेल्या पोलादाचा गुण बिघडतो आणि पुढें एके दिवशीं चाकासकट ॲक्सल हातीं येण्याचा धोका राहतो.

काटकसर करूं नये अशी जागा म्हणजे तेलाची यंत्रणा. ड्रमसाठीं केलेल्या पुष्कळ मास्टर सिलिंडरांत एक झडप असते. पाय उचलल्यावरहि ती नळींत थोडा दाब राखून ठेवते. डिस्कच्या नळींत तोच दाब राहिला तर पॅड चकतीला चिकटून घासत राहतात व तापतात. शूप्रमाणें पॅड आपोआप आवळत नाहींत, म्हणून पायाला जोर अधिक लागतो. कॅलिपरचे पिस्टन मोठे असल्यानें तेलहि अधिक लागतें. तेव्हां मास्टर सिलिंडर या कामास जुळणारा, आणि शक्य तर पुढच्या-मागच्या चाकांच्या नळ्या वेगळ्या ठेवणारा घ्यावा; म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरी जोडी थांबविते. जोर फारच लागत असल्यास बूस्टर जोडावा. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पुढची चाकें मागच्यांच्या आधीं जखडलीं पाहिजेत. मागचीं आधीं जखडलीं तर गाडी गर्रकन् फिरते.

कायद्याचेंहि भान ठेवावें. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आहे. म्हणून हत्यार उचलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी; एमएच ४२ च्या गाड्यांसाठीं तें कार्यालय बारामतींतच आहे. विमा कंपनीसहि कळवावें. २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. ज्यांस ती वाट धरावयाची असेल त्यांनीं मूळच्या ब्रेकांनाच हात न लावणें बरें. इतरांनींहि काढलेले ड्रम व शू तेल लावून, कापडांत गुंडाळून ठेवावे.

काम संपल्यावर पहिली कसोटी मोकळ्या मैदानांत घ्यावी: प्रथम हातब्रेक, मग ताशीं २०, ३० आणि ४० किलोमीटर. गाडी डावी-उजवीकडे ओढत असेल, पेडल लिबलिबीत लागत असेल, किंवा एखादें चाक हातास फार गरम लागत असेल, तर ती तशीच परत न्यावी. स्वस्त काम तें, ज्यांत भाग साधे असतात व माप काटेकोर असतें. उसाच्या ट्रॉलीवर झोंपेला आलेला गडी पद्मिनीच्या मालकाच्या ओळखीचा नसतो. पण त्या रात्रीं त्याचाहि जीव याच मापावर विसंबून असतो.