चालावें आणि बोलावें

कांहीं दुखणीं अशीं असतात, कीं त्यांचें नांव घरांत मोठ्यानें घेतलें जात नाहीं. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हें त्यांपैकींच एक होय. ही ग्रंथि पुरुषाच्या मूत्राशयाखालीं असते आणि तिचा रोग बहुधा उतारवयांत उद्भवतो. त्याची कथा लघवी, कंबर आणि दांपत्यजीवन यांच्याशीं निगडित असते. त्यामुळें मुलांसमोर व सुनांसमोर ती सांगावी कशी, हाच प्रश्न कित्येकांस रोगापेक्षां जड वाटूं लागतो.

रोह्यानजीकच्या वरसे गांवांतील असा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. नोकरींतून निवृत्त झालेला, सकाळीं कुंडलिकेच्या कांठीं फिरावयास जाणारा, बाजारांत भेटेल त्याच्याशीं दोन शब्द बोलणारा. एके दिवशीं मुंबईस तपासणी होते आणि रोग हाडांत पसरला असल्याचें कळतें. गांवीं परतल्यावर हा गृहस्थ दोन गोष्टी सोडून देतो. पहिली फिरणें, कारण घरचीं माणसें मायेनें म्हणतात, "बाबा, आतां तुम्ही स्वस्थ पडून राहा." दुसरी बोलणें, कारण भेटणारा प्रत्येक जण 'काय झालें?' म्हणून विचारील, ही धास्ती. रोगानें जें अद्याप नेलेलें नसतें, तें या दोन गोष्टी सोडल्यानें जाऊं लागतें. तीं परत कशीं मिळवावीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रोग हाडांपर्यंत पोंचला म्हणजे उद्यांच सर्व आटोपलें, असें नव्हे. शिकागो विद्यापीठांतील चार्ल्स हगिन्स या शस्त्रवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९४१ सालीं दाखवून दिलें, कीं हा कर्करोग मुख्यतः वृषणांत तयार होणाऱ्या पुरुष-संप्रेरकावर पोसतो. तें संप्रेरक तोडलें, कीं पसरलेला रोगही मागें हटतो. या शोधाबद्दल १९६६ सालीं हगिन्स यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. योगायोग असा, कीं १९४१ च्याच फेब्रुवारीच्या २८ तारखेस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालयाचें द्वार उघडलें. आज त्या संस्थेचें एक केंद्र रायगड जिल्ह्यांतच, खारघर येथें आहे, आणि तें रोहेकरांस परळपेक्षां जवळ पडतें. शस्त्रक्रिया, इंजेक्शनें आणि अलीकडच्या गोळ्या यांच्या योगें पसरलेला रोग समूळ गेला नाहीं, तरी कित्येक रुग्णांत तो वर्षानुवर्षें आवरून धरतां येतो. तीं वर्षें अंथरुणावर काढावयाचीं कीं अंगणांत, हा खरा प्रश्न आहे.

या उपचाराची किंमत मात्र द्यावी लागते. संप्रेरक आटलें, कीं स्नायु झडूं लागतात, हाडें विरळ होतात, पोटावर चरबी चढते, अंगांतून एकाएकीं उष्णतेच्या लाटा उठतात, मन उगाच खिन्न होतें आणि निजून उठलें तरी थकवा जात नाहीं. येथेंच घरच्या मायेची चूक होते. हा थकवा दिवसभराच्या श्रमाचा थकवा नव्हे. म्हणून तो केवळ निजल्यानें फिटत नाहीं. उलट, जो जितका पडून राहतो, तितके त्याचे स्नायु अधिक क्षीण होतात आणि थकवा वाढतो. कॅनडामधील संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असा उपचार घेणारे १५५ पुरुष होते. त्यांपैकीं ज्यांनीं बारा आठवडे, आठवड्यांतून तीन वेळां, स्नायूंना ताण देणारा व्यायाम केला, त्यांचा थकवा कमी झाला व अंगांत बळ आलें. रोग हाडांत गेलेल्यांनीं व्यायाम करावा कीं नाहीं, ही शंकाही रास्त होती. ऑस्ट्रेलियांत ५७ अशा रुग्णांवर तीन महिने प्रयोग झाला. दुखऱ्या हाडांवर भार न येईल असे व्यायाम त्यांना शिकविले गेले. २०१८ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांची हालचाल करण्याची शक्ति सुधारली आणि व्यायामामुळें कोणाचें हाड मोडलें नाहीं.

कर्करोगाच्या रुग्णांसाठीं तज्ज्ञांनीं २०१९ सालीं जें प्रमाण सांगितलें, तें कोणासही झेपण्याजोगें आहे: आठवड्यांतून तीन दिवस अर्धा तास झपझप चालणें, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. त्यासाठीं आखाड्याची गरज नाहीं. खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां उठणें-बसणें, भिंतीस तळहात टेकून अंग पुढें-मागें करणें, कठडा धरून टांचा उचलणें, पाण्यानें भरलेल्या लहान बाटल्या हातांत घेऊन वरखालीं करणें, एवढें पुरे. अर्धा तास जमत नसेल, तर दहा मिनिटांपासून आरंभ करावा. मात्र त्यापूर्वीं कोणतीं हाडें रोगानें पोंखरलीं आहेत, हें डॉक्टरांस विचारून घ्यावें. तांदळाचें पोतें उचलणें, कंबरेंत पिळा देणें, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीच्या मागें बसणें, हें टाळावें. कोंकणच्या पावसाळ्यांत नदीकांठचें शेवाळ हा मोठा शत्रु आहे. त्या चार महिन्यांत पडवींतल्या येरझारा श्रेयस्कर. आणि पाठींत नवीनच कळ येऊं लागली, पाय लुळे किंवा बधिर वाटूं लागले, लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. मणक्यांतील मज्जारज्जु दबत असल्याचीं तीं चिन्हें असूं शकतात. विलंब झाल्यास पाय कायमचे जातात.

हें झालें चालण्याचें. बोलण्याची गोष्ट याहून अवघड आहे. रोग डॉक्टर जाणतात, सेवा पत्नी करते. परंतु रात्रीं दोन वाजतां घामानें भिजून उठल्यावर काय वाटतें, लंगोटाखालीं शोषक घडी बांधून लग्नास जातांना काय वाटतें, पत्नीकडे पाहतांना आपण तिचे अपराधी आहों असें कां वाटतें, हें ज्यानें भोगलें त्यालाच सांगतां येतें. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण येथें अक्षरशः खरी आहे. १९९० सालीं अमेरिकेंत शिकागोनजीक याच रोगाच्या पांच रुग्णांनीं एकत्र बसावयास आरंभ केला आणि त्यांतून एक मोठी संस्था उभी राहिली. मुंबईंत कर्करोगांतून उठलेल्या वंदना गुप्ता यांनीं १९९४ सालीं 'व्ही केअर' ही संस्था काढली. स्वतः रोग भोगलेल्या माणसानें नव्या रुग्णाच्या शेजारीं बसून धीर द्यावा, हें तिच्या कार्याचें एक मुख्य अंग आहे.

वरसे-रोह्यासारख्या ठिकाणीं संस्था नसली, तरी दोन माणसें पुरेशीं आहेत. रुग्णालयांतील समाजसेवकास, गांवच्या डॉक्टरांस किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळींत सांगून ठेवावें, कीं आपल्यासारखा कोणी असेल व त्याची संमति असेल, तर भेट घालून द्यावी. हाच रोग असलेला सोबती न मिळाल्यास दुसऱ्या कर्करोगाचा चालेल. भीति सर्वांची एकाच जातीची असते. आणि भेट झाल्यावर समोरासमोर बसूं नये, बरोबर चालावें. पुरुषास समोर पाहून जें बोलवत नाहीं, तें खांद्याला खांदा लावून चालतांना सहज बोललें जातें. पंढरीच्या वाटेवर दिंडींत हेंच घडतें, आणि पाय दुखणाऱ्यासाठीं तेथें सोबती थांबतातही.

या सोबतीचे दोन नियम मात्र पाळावे. एकानें दुसऱ्यास औषध सांगूं नये, आणि रक्तांतील पी.एस.ए.च्या आंकड्यांची तुलना करूं नये. एकाचा आंकडा उतरतो तेव्हां दुसऱ्याचा चढत असतो, आणि त्या तुलनेंत मैत्री कडू होते. पत्नींनींही एकमेकींस भेटावें. कारण त्यांचेंही दुःख मौनांतच दबलेलें असतें.

एक शंका उरते. आज बरोबर चालणारा सोबती उद्यां अंथरुणास खिळला, तर? तसें होणारच. ज्याला हें दुःख नको, त्यानें कोणाशीं मैत्रीच करूं नये. परंतु त्या दिवशींही नियम तोच राहील, फक्त चालणारा बदलेल. जो चालूं शकतो, त्यानें सोबत्याच्या घरापर्यंत चालत जावें, खाटेजवळ खुर्ची ओढून बसावें आणि कालच्या गोष्टीचा धागा जेथें तुटला असेल, तेथून पुढें बोलावयास लागावें.